परदेशी कामगिरीची आखणी

श्रोतेहो, एखादा मंत्री सरकारी कामासाठी परदेशी निघाला म्हणजे वर्तमानपत्रांत चार ओळींची बातमी येते. अमुक दिवशी प्रस्थान, अमुक राजधानीत तीन दिवस मुक्काम, तेथील मंत्र्यांशी वाटाघाटी, आणि अमुक तारखेस स्वदेशी आगमन. त्या चार ओळींमागे कचेऱ्यांतून केवढे कागद लिहिले जातात याची कल्पना सामान्य वाचकास सहसा नसते. केंद्र सरकारच्या मंत्र्यास आपल्या दौऱ्यासाठी पंतप्रधानांची अनुज्ञा घ्यावी लागते. परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय संमती लागते, आणि ती राज्यांच्या मंत्र्यांनाही चुकत नाही. परक्या सरकारचा किंवा संस्थेचा पाहुणचार स्वीकारावयाचा असेल तर विदेशी अभिदायासंबंधीच्या २०१० च्या कायद्याप्रमाणे गृह मंत्रालयाची परवानगी आधी हातात असावी लागते. मग कोणी कोणास कोठे भेटावयाचे, कोणता प्रश्न आधी काढावयाचा आणि कोणता राखून ठेवावयाचा, याची टिपणे तयार होतात.

हा सारा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर मला कायद्याच्या पुस्तकापेक्षा इतिहासात अधिक स्पष्ट दिसते. आपल्या महाराष्ट्रातून समुद्रापलीकडे गेलेल्या तीन राजकीय कामगिऱ्यांचा वृत्तांत आज सांगावयाचा आहे. पहिली १७८१ ची, दुसरी १८४० ते १८५३ या काळातली आणि तिसरी १९६४ ची. या तिन्हींत एक विलक्षण साम्य आहे. कामगिरीवर गेलेला मनुष्य परमुलखात गुंतलेला असताना, किंवा तो नुकता परतत असताना, त्याला पाठविणारा धनीच इकडे नाहीसा झाला अथवा निष्प्रभ झाला. अशा वेळी कामगिरीचे काय होते, हाच आजच्या भाषणाचा मुख्य प्रश्न होय.

पहिली कामगिरी रघुनाथराव पेशव्यांची. १७७३ साली नारायणरावांचा वध झाला आणि पुढे बारभाईंच्या कारभारापुढे रघुनाथरावांचा टिकाव लागेना. तेव्हा १७७५ साली सुरतेस त्यांनी मुंबईच्या इंग्रजांशी तह केला. परंतु मुंबईकरांनी केलेला हा तह कलकत्तेकरांनी मानला नाही आणि १७७६ साली पुरंदर येथे पुणे दरबाराशी निराळाच तह केला. पुढे १७७९ साली वडगावास इंग्रजी फौजेची नामुष्की झाली. एक इंग्रज शब्द देतो आणि दुसरा तो मोडतो, तर या दोघांचाही धनी जो विलायतेत बसला आहे त्याच्याचपुढे गाऱ्हाणे नेऊन घालावे, असा विचार रघुनाथरावांनी केला. तो विचार चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील, त्याच्याबरोबर मणियार रतनजी हा पारशी गृहस्थ व त्याचा पुत्र, अशी मंडळी १७८१ साली लंडनमध्ये होती.

या प्रवासाच्या आखणीत सर्वांत बिकट बाब होती ती अन्नपाण्याची आणि धर्माचाराची. परक्या मुलखातील वास्तव्यात आपले अन्न आपणच शिजविणाऱ्या, शिवाशीव पाळणाऱ्या ब्राह्मणाने राहावे कोठे? लंडनमध्ये याचे उत्तर कोणीही आधी योजून ठेवले नव्हते आणि आरंभी हणमंतरावांचे फार हाल झाले. शेवटी पार्लमेंटचे प्रख्यात सभासद एडमंड बर्क यांनी त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले आणि बागेतील काचेचे झाडघर त्यांच्या स्वाधीन केले. तेथे ते आपला स्वयंपाक व स्नानसंध्या करीत. त्यांना सोसावे लागलेले कष्ट आमच्या लोकांच्या अज्ञानामुळे झाले, दुष्टपणामुळे नव्हेत, अशा आशयाचे पत्र बर्कसाहेबांनी रघुनाथरावांना लिहिले. हिंदू लोकांच्या चालीरीतींविषयी पार्लमेंटच्या एका समितीने हणमंतरावांची साक्षही घेतली.

जाताना ही मंडळी सुएझपर्यंत समुद्रमार्गाने गेली आणि परतताना इराणच्या बाजूने सिंधू ओलांडून आली, असे फ्रान्सिस विल्फर्ड या इंग्रज संशोधकाने नोंदविले आहे. सिंधू ओलांडणे हे त्या काळच्या समजुतीप्रमाणे पातक. म्हणून परत आल्यावर ब्राह्मण वकिलांना जातीबाहेर ठरविण्यात आले, आणि सोन्याची योनी घडवून तीतून त्यांना बाहेर काढण्याचा पुनर्जन्माचा विधी झाल्यावरच त्यांस पुन्हा पंक्तीत घेतले, असेही विल्फर्ड सांगतो. जाण्याची वाट ठरविली, पण परत आल्यावर घरात पाऊल कसे ठेवावयाचे हे ठरविलेले नव्हते!

आणि ज्या कामासाठी हा खटाटोप केला त्याचे काय झाले? बर्कसारखा थोर पुरुष आतिथ्य करू शकत होता, परंतु तह करू शकत नव्हता. विलायतेच्या या खटपटीस वर्ष लोटते न लोटते तोच १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. तीत इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडला आणि दरमहा पंचवीस हजारांच्या नेमणुकीवर त्यांची बोळवण झाली. १७८३ च्या डिसेंबरात कोपरगाव येथे त्यांचा अंत झाला. लंडनमध्ये मांडलेल्या दाव्याचा निकाल हिंदुस्थानातच, वकिलाला न विचारता, लागून गेला.

आता दुसऱ्या कामगिरीकडे वळू. ती साताऱ्याची असली तरी आम्हा सोलापूरकरांना परकी नाही. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना जे राज्य दिले, ते सह्याद्रीपासून पूर्वेस पंढरपूर व विजापूरच्या मुलखापर्यंत पसरलेले होते. अक्कलकोटचे संस्थानिक हे साताऱ्याच्याच जहागीरदारांपैकी एक. पुढे महाराज व मुंबई सरकार यांच्यात जो बेबनाव झाला, त्याचे एक मूळ या जहागीरदारांवर हुकमत कोणाची, या प्रश्नातच होते. लंडनच्या डायरेक्टरांनी महाराजांच्या उत्तम कारभारावर प्रसन्न होऊन १८३५ च्या अखेरीस एक गौरवाची तलवार पाठविली. पण मुंबई सरकारने ती महाराजांच्या हाती दिलीच नाही. उलट पोर्तुगीजांशी संधान, इंग्रजी पलटणीतील शिपायांस फितविणे, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार, असे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले. ते कबूल करून क्षमा मागण्यास महाराजांनी नकार दिला. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करून पुढे काशीस पाठविण्यात आले आणि त्यांचे बंधू आप्पासाहेब ऊर्फ शहाजी यांना गादीवर बसविण्यात आले.

फिर्यादी मुंबई सरकार आणि न्यायाधीशही मुंबई सरकार. अशा स्थितीत लंडनखेरीज दुसरे दार कोणते? महाराजांच्या वतीने मीर अफझलअली व भगवंतराव विठ्ठल हे वकील आधीच तिकडे गेलेले होते. त्यांच्यामागून रंगो बापूजी गुप्ते निघाले आणि १८४० साली लंडनमध्ये दाखल झाले.

त्या काळी विलायतेस जाण्याचा मार्ग आखणे म्हणजे केवढे काम होते, हे आजच्या विमानप्रवासी पिढीस समजावून सांगितले पाहिजे. सुएझचा कालवा खुला झाला तो १७ नोव्हेंबर १८६९ रोजी, म्हणजे आणखी जवळजवळ तीस वर्षांनी. आफ्रिकेस वळसा घालून शिडाच्या जहाजाने गेल्यास चार-पाच महिने लागत. दुसरी वाट तांबड्या समुद्राची. १८३० साली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला प्रथम गेली, तेव्हा तिला सुमारे महिना लागला होता. १८३९ च्या जानेवारीत इंग्रजांनी एडन घेतले, ते कोळशाच्या ठाण्याच्या सोयीसाठीही. सुएझला उतरल्यावर उंटांवर किंवा गाड्यांतून वाळवंट ओलांडून कैरो, तेथून नाईल नदीने व कालव्याने अलेक्झांड्रिया, आणि मग भूमध्य समुद्र. भूगोलाच्या तासाला नकाशावर पट्टी ठेवून हा मार्ग मी मुलांना दाखवीत असे, आणि पट्टीवरचे अंतर व माणसाला प्रत्यक्ष पडणारे अंतर यांत किती तफावत असते तेही सांगत असे. काशीत बसलेल्या महाराजांना लंडनहून एखादा प्रश्न विचारावयाचा तर पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत महिनेच्या महिने उलटत. तेवढ्यात लंडनमधला प्रसंगच पालटलेला असे.

परंतु खरी बिकट वाट लंडनला पोहोचल्यावर सुरू झाली. आजच्या भाषेत बोलावयाचे तर रंगो बापूजींच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘भेट कोणाची घ्यावयाची’ हा रकानाच भरता येत नव्हता. लेडनहॉल रस्त्यावरील इंडिया हाउसमध्ये कंपनीच्या चोवीस डायरेक्टरांची सभा भरे. त्यांच्यावर देखरेख करणारे बोर्ड ऑफ कंट्रोल हे सरकारी मंडळ निराळे. त्याचा अध्यक्ष ब्रिटिश प्रधानमंडळातला. कंपनीच्या भागीदारांची सभा आणखी निराळी; तीत भाषणे मुबलक होत, पण डायरेक्टरांवर सक्ती चालत नसे. आणि या सर्वांच्या वर पार्लमेंट. एका दारावर थाप मारावी तर ते दुसऱ्या दाराकडे बोट दाखवी, आणि अखेर सर्वजण मिळून हिंदुस्थान सरकारच्या निर्णयात आम्ही हात घालीत नाही असे म्हणत. कागदोपत्री सत्ता चार ठिकाणी होती, पण दाद द्यावयाची वेळ आली की ती एकाही ठिकाणी सापडत नसे.

रंगो बापूजींनी कसूर केली नाही. त्यांनी इंग्रजी भाषा हस्तगत केली, कागदपत्रे छापवून वाटली, अर्जांमागून अर्ज केले, सभांतून आपली बाजू मांडली. जोसेफ ह्यूम यांच्यासारखे पार्लमेंटचे सभासद व गुलामगिरीविरोधी चळवळीतले नामांकित वक्ते जॉर्ज टॉम्सन त्यांच्या पक्षास मिळाले. एवढेच नव्हे, तर ज्यांनी साताऱ्यास पूर्वी रेसिडेंट म्हणून काम केले होते ते जनरल ब्रिग्ज व जनरल लॉडविक हेही महाराजांच्या बाजूने उभे राहिले. भागीदारांच्या सभेत सातारा प्रकरणावर पुनःपुन्हा वादविवाद झाले. परक्या देशात एकट्या मनुष्याने याहून अधिक मित्र मिळविणे कठीण.

पण १४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराज काशी येथे निवर्तले. पुढील वर्षी, ५ एप्रिल १८४८ रोजी, आप्पासाहेब महाराजही वारले. दत्तक नामंजूर करून लॉर्ड डलहौसीच्या सरकारने साताऱ्याचे राज्यच खालसा केले. आता विचार करा, श्रोतेहो, लंडनमध्ये राहिलेले रंगो बापूजी हे कोणाचे वकील? ज्यांनी मुखत्यारपत्र दिले ते धनी गेले. ज्या गादीसाठी भांडावयाचे ती गादी उरली नाही. ज्या खजिन्यातून खर्च यावयाचा तो कंपनीच्या तिजोरीत जमा झाला. तरीही महाराजांच्या राणीसाहेबांसाठी व दत्तक पुत्रासाठी ते आणखी काही वर्षे झगडत राहिले. शेवटी १८५३ च्या डिसेंबरात त्यांनी लंडन सोडले. काही काळापुरते म्हणून गेलेल्या माणसाची तेरा वर्षांहून अधिक वर्षे तेथे गेली आणि परतताना त्यांच्या हाती काहीही नव्हते. पुढे १८५७ च्या धामधुमीत ते इंग्रजांच्या हातून निसटले आणि त्यांचा पत्ता पुन्हा कधीच लागला नाही. त्यांचा पुत्र सीताराम यास मात्र त्याच वर्षीच्या ८ सप्टेंबरला साताऱ्याच्या गेंडामाळावर, ज्या सतरा जणांस देहान्त शिक्षा झाली त्यांत, प्राण द्यावे लागले.

रंगो बापूजींची आखणी चुकली, असा शेरा मारून मोकळे होणे अन्यायाचे होईल. प्रबळाने दुर्बळाचे ऐकावयाचे नाही असे ठरविले असता उत्तम आखणीही पांगळी पडते. तथापि एक गोष्ट ध्यानात धरली पाहिजे. हणमंतराव आणि रंगो बापूजी हे दोघेही एकेका पुरुषाचे प्रतिनिधी होते. त्यांच्या हातातील पत्राला जे वजन होते ते त्या पुरुषाच्या गादीचे. गादी हलली की पत्र नुसता कागद होई.

आता तिसरी कामगिरी. योगायोग असा की हाही पुरुष जुन्या सातारा जिल्ह्यातलाच. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १९१३ साली देवराष्ट्रे गावी झाला. आज ते गाव सांगली जिल्ह्यात आहे. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने सरहद्दीवर आक्रमण केले आणि नोव्हेंबरात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेल्या यशवंतरावांवर संरक्षण खात्याची जबाबदारी आली. पराभवाने खचलेले सैन्य पुन्हा उभे करावयाचे, आणि त्यासाठी लागणारी सामग्री व कारखाने बाहेरून मिळवावयाचे, असे हे काम होते.

येथे आखणीचा क्रम पाहण्यासारखा आहे. परदेशी जाण्याआधी घरात हिशेब मांडला गेला. १९६४ ते १९६९ या पाच वर्षांची संरक्षण योजना तयार झाली. भूसैन्य सव्वाआठ लाखांचे असावे, विमानदळात पंचेचाळीस तुकड्या असाव्यात, हे आकडे ठरले. काय मागावयाचे हे ठरल्यावर कोणाकडे मागावयाचे हा प्रश्न आला. १९६४ च्या मे महिन्यात यशवंतराव अमेरिकेस गेले. तेथील संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांच्याशी वाटाघाटी चालू होत्या. शस्त्रनिर्मितीस साह्य आणि ‘एफ-१०४’ जातीची लढाऊ विमाने या भारताच्या मागण्या होत्या.

दौरा पुरा व्हावयाचा होता, तोच २७ मे रोजी दिल्लीत पंडित नेहरू निवर्तले. दौरा तसाच सोडून संरक्षणमंत्री मायदेशी परतले. कोणत्याही टिपणात नसलेली आणि असू न शकणारी ती घटना होती. रघुनाथराव निष्प्रभ झाल्यावर किंवा प्रतापसिंह महाराज गेल्यावर जे झाले तेच येथेही व्हावयाचे काय?

तसे झाले नाही. नेहरूंच्या निधनाच्या दिवशीच गुलझारीलाल नंदा यांनी कामचलाऊ पंतप्रधान म्हणून सूत्रे घेतली. ९ जून रोजी लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले. संरक्षण खाते यशवंतरावांकडेच राहिले. कारण त्यांना पाठविणारी सत्ता नेहरू या व्यक्तीची नसून भारताच्या प्रजासत्ताकाची होती. मागण्यांची यादी तीच, योजनेचे आकडे तेच, आणि मागणारा मनुष्यही तोच. अमेरिकेने हवी ती लढाऊ विमाने देण्याचे मान्य केले नाही. पण रंगो बापूजींप्रमाणे एकाच शहराच्या दारांवर थापा मारीत बसण्याची पाळी यशवंतरावांवर आली नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात ते सोव्हिएत रशियास गेले. मिग-२१ विमाने भारतात बांधण्याच्या कामास तेथे निश्चित आकार आला, आणि त्याच योजनेतून आपल्या नाशिकजवळच्या ओझरला विमानांचा कारखाना उभा राहिला. ही विमाने पुढे दशकानुदशके आपल्या विमानदळात राहिली; शेवटच्या तुकडीस २०२५ च्या सप्टेंबरात निरोप देण्यात आला. त्याच वर्षी ब्रिटनशी नौदलाच्या जहाजांची बोलणी झाली आणि लिअँडर जातीच्या लढाऊ नौका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधण्याचे ठरले. त्यांपैकी पहिली ‘नीलगिरी’ १९६८ साली पाण्यात उतरली आणि १९७२ साली नौदलात दाखल झाली.

प्रत्येक राजधानीत निराळा प्रश्न न्यावयाचा, तो ज्याला उत्तर देण्याचा अधिकार आहे त्याच्याच पुढे मांडावयाचा, आणि एका ठिकाणी नकार आला तर दुसरी वाट आधीच माहीत असावयाची, असे या दौऱ्यांचे सूत्र मला दिसते. हे सूत्र बुद्धीने हणमंतरावांना किंवा रंगो बापूजींना अगम्य होते असे नाही. त्यांच्या पाठीशी स्वतंत्र राष्ट्र नव्हते, म्हणून ते त्यांना अमलात आणता आले नाही.

आणि म्हणूनच आज मंत्र्यांच्या दौऱ्यामागे जे कागद लिहिले जातात, ज्या अनुज्ञा व संमती घ्याव्या लागतात, त्यांस मी नुसता कचेरीतला काथ्याकूट म्हणणार नाही. त्या कागदांमुळे गेलेला मनुष्य कोणाच्या वतीने गेला हे ठरते. हणमंतरावांना बर्कसाहेबांच्या झाडघरात चूल मांडावी लागली. आजच्या मंत्र्याचा पाहुणचारसुद्धा कोणी करावयाचा हे कायद्याच्या नजरेखालून जाते. यात मंत्र्याची अडवणूक नाही. पाहुणचाराचे उपकार त्याच्या वाटाघाटींवर चढू नयेत, एवढाच त्यातला हेतू.

परंतु कागद पुरे असले म्हणजे कामगिरी सफल होते असेही नव्हे. दौऱ्याची बातमी वाचताना सुबुद्ध नागरिकाने मुक्कामांची संख्या मोजू नये. ज्यांची भेट घ्यावयाची त्यांना होय किंवा नाही म्हणण्याचा अधिकार आहे काय, मागणे काय आहे आणि ते घरी नीट ठरले होते काय, आणि परत आल्यावर त्या मंत्र्याने कोणापुढे हिशेब ठेवला, एवढे तीन प्रश्न त्याने विचारावेत. यांतला तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. यशवंतरावांना परत येऊन लोकसभेपुढे उभे राहावयाचे होते. रंगो बापूजींपाशी तेरा वर्षांचा चोख हिशेब होता; तो ऐकून घ्यावयास धनी उरला नव्हता.